घडी बसेपर्यंत

तारीख ३, सोमवार

आनंद पोटात मावेना, म्हणून ही वही उघडली. सांगायला घरात कोणी नाही. मुलगा ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर, सून कामावर, आणि जिच्यासाठी ही वही उघडली ती माझी नात आजपासून मोठ्या दवाखान्याच्या लॉन्ड्रीची मॅडम झाली. त्याच लॉन्ड्रीत मी चादरींच्या घड्या घालत म्हातारी झाले. माझ्यामागे सून तिथेच लागली, ती अजून आहे. आता नात. पण ती घड्या घालायला गेली नाही, घड्या घालणाऱ्यांवर गेली. एकाच दारातून आम्ही तिघी आत गेलो, फक्त तिसरी गेली तेव्हा दारवाला उठून उभा राहिला. मी जायचे तेव्हा तो बसल्या जागी मानही हलवत नसे.

शाळा माझी चौथीत सुटली, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ कोणी तपासू नये. तशी ही वही कोणी वाचायचीच नाहीये.

तर मोठ्या साहेबांनी घड्या घालायचं नवीन मशीन घेतलंय. नातीला सांगितलंय, की महिनाअखेरपर्यंत सगळ्या चादरी या मशीनवरून गेल्या पाहिजेत. नाही गेल्या तर दवाखान्याचे कपडे बाहेरच्या कंपनीला देणार आणि लॉन्ड्रीला कुलूप लावणार. म्हणजे सून घरी आणि तिच्या सगळ्या मैत्रिणीही घरी. नातीचं काय होईल ते मी विचारलं नाही. पहिल्या दिवशी शुभ बोलावं.

जेवताना सुनेला म्हटलं, आता तू आपल्या लेकीला हाक कशी मारणार? ती म्हणाली, "तिथे मॅडम म्हणेन. घरी आल्यावर भांडी तिनेच घासायची." मी पोट धरून हसले. नातही हसली. सून हसली नाही, पण ती पहिल्यापासून तशीच. विनोद करते आणि तोंड मात्र पावतीसारखं ठेवते.

तारीख ४, मंगळवार

आज घर रिकामं. खिडकीत बसून जुनं आठवत राहिले.

चादरीची घडी एकटीला घालता येते असं ज्याला वाटतं, त्याने दवाखान्याची चादर पाहिलेली नाही. लांबच लांब, रोलरच्या इस्त्रीतून नुकती निघालेली, गरम. एका टोकाला एक बाई, दुसऱ्या टोकाला दुसरी. दोघींनी ताणायची, एकदा झटकायची, डाग आहे का बघायचं, मग जिच्याकडे मान असेल तिने म्हणायचं "ये". मग दोघी चालत जवळ यायच्या, एकीने आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची, खाली वाकून मधली घडी उचलायची, पुन्हा मागे जायचं. दिवसभर जवळ यायचं आणि लांब जायचं. सगळ्या हॉलमध्ये तेवढाच आवाज असायचा, ये, ये, ये. बाहेरच्या माणसाला वाटावं पाखरं बोलावतायत.

नवी बाई आली की तिला आधी काम नाही, जोडी मिळायची. लग्न झालंय का, मुलं किती, हे सगळं नंतर. आणि एकदा जोडी लागली की ती सुटायची ती नोकरी सुटल्यावरच.

माझी जोडीदारीण माझ्याहून हातभर उंच. तिला सगळे शिडी म्हणायचे आणि मला स्टूल. आमची चादर कायम तिरकी दिसायची, पण घडी अशी बसायची की मुकादमीण दुसऱ्या जोड्यांना आणून दाखवायची. शिडीला एक खोड होती. तिला चालायची फार हौस. माझ्या मुलाच्या वेळी मला दिवस गेले होते, तेव्हा तर ती मला पुढे येऊच द्यायची नाही, ये म्हणायची आणि सगळं अंतर स्वतःच चालत यायची, वाकायचीही तीच. मी तिला म्हणायचे, तुझ्या पायांत काय भिंगरी आहे का? ती म्हणायची, तू तिथेच थांब गं स्टूल. असा दरारा होता बाईचा.

थंडीत आम्ही गरम चादरींच्या थप्पीत हात खुपसून उभ्या राहायचो. तेवढी ऊब मला पुढे कुठल्या अंथरुणात मिळाली नाही. शिडी आता नाही.

तारीख ६, गुरुवार

मशीन आलं. नात घरी आली ती उडतच. सगळ्यांना जमवून पडद्यावर चित्रं दाखवली, चहा आणि बिस्किटं दिली. या सगळ्या बदलाला साहेबांनी नाव ठेवलंय परिवर्तन मोहीम. भिंतीवर फलकही लागला. नात म्हणाली, "आजी, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकीनेसुद्धा प्रश्न विचारला नाही." मी म्हटलं, झालं तर मग, गंगेत घोडं न्हालं.

सून मीठ शोधत होती. ती पाठमोरीच म्हणाली, "टाळ्या बिस्किटांना होत्या."

नात म्हणाली, "आई, तू प्रत्येक गोष्टीत असं का बोलतेस?"

सुनेने मीठ शोधलं आणि बसली.

मशीनचं नातीने मला समजावलं ते असं. एक बाई पुढे उभी राहते. चादरीची दोन टोकं दोन चिमट्यांत अडकवते. दिवा हिरवा झाला की बटण दाबते. मशीन चादर ओढून घेतं आणि पलीकडून घडी होऊन बाहेर येते. डाग दिसला तर चादर बाजूला टाकायची. एकच बाई. दुसरीची गरज नाही. मी म्हटलं, मग दुसरी काय करेल? नात म्हणाली, ती दुसऱ्या मशीनवर एकटी उभी राहील, पुढच्या वर्षी दुसरं घेणार आहेत. हुशार आहे पोर.

तारीख १०, सोमवार

दुपारी सुनेला डबा द्यायला गेले. डबा तिचा तीच सकाळी नेऊ शकते, पण मला निमित्त लागतं. आतलं बघितलं आणि हसू आवरेना. मशीन मधोमध उभं आणि बायका भिंतीकडच्या जुन्या टेबलांपाशी आपल्या जोड्यांनी ये, ये करतायत. मशीनच्या दांडीवर सगळ्यांचे ओले एप्रन वाळत घातलेले. सुनेच्याच टोळीत एक मिरची आहे. नाव तेच पडलंय, तोंडामुळे. ती मला म्हणाली, "मावशी, हळू बोला, परी झोपलीय." मी म्हटलं, कोण परी? तर म्हणे परिवर्तन. एवढं लांब नाव घेता घेता घडी होते दोन चादरींची, म्हणून परी.

घरी येऊन नातीला सांगितलं. वाटलं होतं हसेल. ती म्हणाली, "कोणी नाही म्हणत नाही, आजी. मी सांगितलं की सगळ्या हो मॅडम म्हणतात. मी केबिनमध्ये गेले की टेबलावर परत." तिचा चेहरा उतरला होता. त्यांचा हो म्हणजेच नाही असतो, हे मला माहीत होतं. आम्हीही तेच करायचो. पण हे तिला कॉलेजात शिकवलं असेल असं मला वाटलं होतं.

मग तिला मी रोलरची गोष्ट सांगितली. आमच्या वेळी आधी हातातल्या इस्त्र्या होत्या. रोलर आला तेव्हा आम्ही त्याच्याकडे बघायचो नाही. आमची मुकादमीण काही बोलली नाही. एक दिवस तिने सांगितलं, उद्या घरून आपली एकेक चादर आणा. आपल्या घरची चादर त्या रोलरमधून काचेसारखी निघालेली बघितली आणि सगळ्या बायका रोलरवर पडल्या. मी म्हटलं, तू हेच कर. बघ कशी जादू होते.

तारीख १२, बुधवार

केलं तिने. आज सगळ्यांनी घरून चादरी आणल्या. मीही माझी नेली, तेवढं निमित्त कोण सोडतं. मशीनने मोठ्या झोकात घड्या घातल्या, बायका खूश झाल्या, मिरचीने तर पडदेही आणले होते. मग जेवणाची सुट्टी संपली आणि सगळ्या हात पुसून टेबलांकडे गेल्या. नात मशीनपाशी एकटीच उभी. गंमत झाली, काम झालं नाही. मुकादमिणीच्या वेळी कसं झालं आणि आता का होत नाही, मला उलगडेना. रोलरवर जोडीनेच उभं राहायचो, तोच एक फरक, बाकी लोखंड ते लोखंड.

आज दुसरं एक चांगलं झालं. सुनेची जोडीदारीण साळुंकी मला भेटली. साळुंकी म्हणजे अखंड बडबड, पण जीव लावणारी. नात लहान असताना तिच्या कडेवर असायची, मावशी मावशी करत. आता ऑफिसातल्या रीतीने तिला ताई म्हणते. मी समोर उभी राहिले तर साळुंकी आरपार बघत राहिली. मी बोलले तेव्हा कुठे तिची ट्यूब पेटली. मग माझे हात धरले आणि म्हणाली, "मावशी, किती बारीक झालात हो. तब्येत छान कमावलीत."

मला एवढं बरं वाटलं. डॉक्टर तर दर वेळी वजनावरून ओरडतात. एका खऱ्या मैत्रिणीची नजर ती नजर.

मग थर्मासमधून तिला चहा ओतला. कप काठोकाठ भरला, वाहून बोटांवर आला, तेव्हा पुरे म्हणाली. बोलण्याच्या नादात भानच राहत नाही तिला. मी ते हसत सुनेला सांगायला लागले, तर सुनेने माझ्याकडे असं बघितलं की मी थर्मासचं झाकण लावून टाकलं. वाटलं, हिला बहुतेक कोणी माझं कौतुक केलेलं खपत नाही.

तारीख १५, शनिवार

घरात तणातणी. नातीने कागद लावलाय, सोमवारपासून प्रत्येकीने पाळीपाळीने मशीनवर उभं राहायचं, एकटीने. पहिलं नाव सुनेचं. नातीचं म्हणणं, माझी आई गेली की बाकीच्या मागोमाग येतील. मला पटलं. आडात असेल तर पोहऱ्यात येईल.

सून नाही म्हणाली. चक्क नाही. लॉन्ड्रीतल्या कोणी उघड नाही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही आमच्या स्वयंपाकघरात.

नात म्हणाली, "तूच विरोधात गेलीस तर मी बाकीच्यांना काय तोंड दाखवू? महिनाअखेर जवळ आलीय, आई. लॉन्ड्री बंद होईल. तुला कळतंय का?"

सून म्हणाली, "मी विरोधात नाही. मी जोडीत आहे."

"जोडी, जोडी. लग्न लागलंय का तिच्याशी?"

सून बटाटे सोलत होती ती सोलतच राहिली. नात न जेवता उठली. मी दोघींना हसवायला शिडीच्या नवऱ्याची गोष्ट सांगायला घेतली, तो चालत्या बोटीत दाढी करायचा ती, पण मध्येच लक्षात आलं की ऐकायला कोणी नाही. नंतर सुनेला एकटीला विचारलं, अगं तुला मशीनची भीती वाटते का? ती म्हणाली, "आई, मला कशाचीच भीती वाटत नाही. जिला वाटते तिचं काय?" याचा अर्थ मी अजून लावतेय.

तारीख १७, सोमवार

सुनेच्या जागी मिरची गेली मशीनवर, आपण होऊन. भराभर चिमटे लावले, बटण दाबलं, घड्या पडत गेल्या. सगळ्या तोंडात बोट घालून बघत राहिल्या. कोणीतरी तिला मॅडमची चमची म्हणालं. मिरची म्हणाली, "चमचीच बरी, ताटात तरी पडते." नात घरी येऊन माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, सुरुवात झाली. मी तर म्हणतच होते.

आता बुधवारी साळुंकीची पाळी. त्या दिवशी मोठे साहेब बघायला येणार आहेत.

तारीख १९, बुधवार

जे झालं ते नीट क्रमाने लिहिते.

मी डबा घेऊन खिडकीपाशी होते. साहेब आले. साळुंकी मशीनसमोर उभी राहिली, एप्रन नवा, केस चापून बसवलेले. सून तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि हळूच काहीतरी सांगत होती, डावीकडे, अजून डावीकडे, हं. साहेबांनी नातीकडे बघितलं. एका बाईचं मशीन आणि दोन बाया. नात पुढे झाली आणि सुनेला म्हणाली, "तुम्ही मागे व्हा."

आईला तुम्ही म्हणाली. चारचौघांत. मला बरं वाटलं, रीतभात आहे पोरीला. सून मात्र चटका बसावा तशी मागे सरली.

मग साळुंकीने एक टोक चिमट्यात लावलं, दुसरं लावलं ते चिमट्याच्या बाहेर. दिवा लाल होता. तिने बटण दाबलं. काही होईना म्हणून पुन्हा दाबलं, पुढे वाकून चाचपायला गेली, आणि चिमट्यात तिच्या एप्रनची नाडी गेली. मशीन कर्कश ओरडून आपोआप थांबलं. कोणाला लागलं नाही, तेवढं नशीब. सुनेने धावत जाऊन नाडी सोडवली आणि साळुंकीला धरून बाहेर नेलं. जाताना नातीकडे बघितलंसुद्धा नाही. साहेब म्हणाले, हे लोक बदलणार नाहीत, मला वाटलंच होतं. आणि निघून गेले.

संध्याकाळी नात माझ्या पलंगावर येऊन रडली. "मुद्दाम करतात, आजी. समोर लाल दिवा आहे, दिसत नाही का? साळुंकीमावशीने मला कडेवर खेळवलंय. तिने तरी असं करावं?"

मलाही राग आलेला. मी म्हटलं, अगं तिचे नखरे आहेतच. परवा चहा ओतला तर बोटांवर येईपर्यंत पुरे म्हणेना. समोर उभी राहिले तर ओळख द्यायची नाही, मी बोलल्यावर ओळख. एवढं मात्र खरं, माझी तब्येत तिच्या लगेच लक्षात आली. किती बारीक झालात म्हणाली.

नातीने रडं थांबवलं. माझ्याकडे नीट बघितलं. वरपासून खालपर्यंत. "आजी, तू बारीक झालीयेस असं म्हणाली?"

मी म्हटलं, हो, छान बारीक, असं म्हणाली.

ती उठली, तोंड धुतलं आणि सुनेच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आत दोघी बराच वेळ बोलत होत्या. सुनेचा आवाज चढला, मग नातीचा, मग कोणाचाच आला नाही.

मी आरशासमोर उभी राहून आले. एवढं काय त्यात न पटण्यासारखं?

तारीख २१, शुक्रवार

आता मला कळलंय. सगळ्यांच्या शेवटी कळलं, पण कळलं.

आज नातीने सगळ्यांना जमवलं. पडदा नाही, चित्रं नाहीत, बिस्किटंही नाहीत. मी डब्यासकट दारात. नात स्टुलावर बसली आणि म्हणाली, मी इथे आल्यापासून तुम्हाला फक्त सांगत आले. विचारलं काहीच नाही. माझ्या आईने मला परवा सगळं सांगितलं नाही, एवढंच सांगितलं, की प्रत्येक जोडीत एक काहीतरी असतं आणि ते विचारल्याशिवाय मशीनला हात लावू नकोस. तर मी विचारतेय. मशीनवर एकटं उभं राहिलं तर तुमचं काय जाईल? जे सांगाल त्याच्यावरून कोणाला काढणार नाही. साहेबांकडून तसं लिहून घेऊनच आलेय.

चपलांचे आवाज तेवढे. सुनेने मान खाली घातलेली. मग साळुंकी उभी राहिली. बडबडी बाई, पण बोलली थोडंच.

"मला दिसत नाही गं बाळ. दिवा हिरवा का लाल, मला कळत नाही. माझ्या चादरींचे डाग तुझी आई बघते. ती ये म्हणते त्या आवाजावर मी चालते. कितीतरी दिवस झाले."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सून हॉलमध्ये सगळ्यांहून मोठ्याने ये का म्हणते. मला वाटायचं आवाजच तसा आहे.

मग मिरची म्हणाली, "बरं, आता निघालंच आहे तर माझा खांदा वर जात नाही. टेबलावर चादर झटकायला लागते, ती माझी जोडीदारीण दोघींची झटकते. म्हणून मी परीकडे पळाले. चमचीबिमची काही नाही." तिच्या जोडीदारणीने तिला एक धपाटा घातला आणि डोळे पुसले. मग एकेक जण बोलत गेली. एकीची कंबर, एकीला चक्कर येते, एकीला घरचं सगळं फक्त त्या घडीच्या वेळात कोणापाशी तरी बोलता येतं, नाहीतर कुठेच नाही. दवाखान्याच्या पोटात सगळ्यांची हयात गेली, पण कोणी वर जाऊन डॉक्टरला दाखवलं नाही. कामाला नालायक म्हणून शेरा पडेल, ही भीती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नात ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मावशी, कडेवर घेतलं होतंस मला. तेवढं तरी मी विचारायला हवं होतं." ताई म्हणाली नाही.

तारीख २५, मंगळवार

मशीनवर आता दोघी उभ्या राहतात. एक चिमटे लावते आणि दिवा बघते, दुसरी पलीकडे घडी हातात घेते, ओल आहे का चाचपते, थप्पी लावते. जोड्या ज्याच्या त्याच. हे कोणी शोधून काढलं म्हणाल, तर कोणी नाही. नातीने एवढंच सांगितलं, की जोडी मोडायची नाही आणि मशीन बंद ठेवायचं नाही, या दोन्हींत तुम्हीच बसवा. त्यांनी भांडत भांडत बसवलं. दोन दिवस नुसता कलकलाट होता. एकदा तर घड्या उलट्या पडल्या आणि वरच्या वॉर्डातून निरोप आला की चादरी आतून बाहेर आल्या आहेत का.

दोन जोड्या अजून टेबल सोडत नाहीत. नात म्हणते, राहू दे, अभ्रे आणि लहान कपडे मशीनवर जातच नाहीत, ते त्या करतील. कोणीतरी टेबलावरचं असायलाच हवं, मशीन बंद पडलं तर शिकवायला. पंधरा दिवसांपूर्वी हीच पोरगी टेबलं काढून टाकायला निघाली होती.

काल मशीन अडलं तेव्हा मिरची त्याला थोपटत म्हणत होती, रुसली गं आमची परी. एप्रन मात्र आता खुंटीवर असतात.

साळुंकीला नातीने स्वतः वर डोळ्यांच्या विभागात नेलं. एका डोळ्याचं ऑपरेशन होईल आणि तो बराच सुधारेल, असं डॉक्टर म्हणतात. दुसऱ्याला फार उशीर झालाय. साळुंकी बाहेर येऊन म्हणाली, एक पुरे, मला काय दोन नवरे बघायचेत. सून जिन्यात तोंड फिरवून उभी राहिली. मला वाटतं ती हसत होती. किंवा नसेलही.

तारीख २८, शुक्रवार

साहेब आले, बघितलं. कागदावर लिहिलं होतं तेवढं काम निघत नाही. पण वॉर्डांना चादरी वेळेवर मिळतायत, आणि डाग लागलेली एकही परत आली नाही. साहेबांनी विचारलं, हे एका बाईचं मशीन ना? नात म्हणाली, "होय साहेब. पण आमच्याकडे एकटी बाई नाही, जोड्याच आहेत." साहेबांनी थप्पीतली एक चादर उलटून बघितली. मग म्हणाले, चालू राहू द्या. कुलूप नाही. बाहेरच्या कंपनीला नको म्हणून कळवलं.

हे सगळं मला नातीने सांगितलं, कारण मला आज आत घेतलं नाही. दारवाला म्हणाला, आजी, डबा माझ्याकडे द्या. इतक्या वर्षांनी त्याला अधिकार आठवला.

आज खिडकीत बसून शिडीची फार आठवण आली. ती असती तर म्हटलं असतं, बघ, आपण उगाच पाय झिजवले, आता मशीन चालतं आणि बाया उभ्या राहतात. तिने काय म्हटलं असतं? ती म्हणाली असती, तू तिथेच थांब गं स्टूल. आज त्या वाक्यावर हसू येता येता एकदम थांबलं. का ते कळेना. चहा करून प्यायले.

तारीख ३, बुधवार

साळुंकीचं ऑपरेशन काल झालं. दवाखान्यात वर ती, खाली सून एकटी. आमच्या लॉन्ड्रीत जिची जोडीदारीण रजेवर ती दिवसभर मोकळी, दुसऱ्याच्या जोडीत घुसायचं नाही ही जुनीच रीत. सकाळी सून तशी मशीनपाशी नुसती उभी होती. नात केबिनमधून एप्रन बांधत आली आणि पलीकडे थप्पीपाशी जाऊन उभी राहिली. हॉलमध्ये एकदम शांत झालं. मिरचीला शांतता सोसत नाही, तिने ओरडून विचारलं, मॅडम आज कोणाच्या जोडीत?

सून चिमटा लावता लावता म्हणाली, "माझ्या. उसनी आणलीय, परत द्यायचीय."

मग दिवसभर नातीची जी काही त्रेधा. घड्या हातातून निसटतायत, थप्पी तिरकी, ओली चादर कोरड्यांत गेली, ती सुनेने पुन्हा काढायला लावली, आणि ओरडलीसुद्धा, सगळ्यांदेखत, घरच्यासारखी. मी जेवणाचा डबा दोघींचा नेला होता. दोघींनी एकाच झाकणातून खाल्लं, एकमेकींशी न बोलता. कामावरच्या जोड्या तशाच खातात.

सुट्टी झाल्यावर आम्ही तिघी वर साळुंकीला बघायला गेलो. डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्याला तसंही दिसत नाही. पांढऱ्या चादरीवर पडलेली, आपल्याच. पावलं ओळखून सुनेचा हात तिने बरोबर धरला. बाकी कोण आहे ते तिला कळलं नाही, आणि मी बोलायला तोंड उघडणार एवढ्यात तीच म्हणाली, "काय गं, आज माझ्या जागी कोण उभं होतं?"

सून म्हणाली, "आहे एक नवीन."

"नीट करते का?"

सुनेने चादरीची सुरकुती हाताने सरळ केली. "वेंधळी आहे," म्हणाली. "पण सांगितलं तर ऐकते. शिकेल."

नात पलंगाच्या पायथ्याशी उभी होती, हातात एप्रनची गुंडाळी. हललीसुद्धा नाही. मीही काही बोलले नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण मी गप्प बसले यावर कोणाचा विश्वास बसणार नाही.